खेचर, मेंढका, कंदील

पत्रकं लिहून लिहून एक खोड लागते. कोण चुकलंय ते आधी सांगायचं, बाकीचं नंतर. तर इथं मी चुकले.

सलग दुसरं वर्ष कोरडं चाललं होतं. शहर मात्र थांबायला तयार नव्हतं. टँकर आधी बिल्डरांच्या नव्या स्कीमांकडं वळायचे, उरलंसुरलं वस्त्यांना. मी त्यावर पत्रकं लिहायची, चौकात वाटायची, लोकांशी भांडायची. आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या पोथी नाहीतर कारकुनी. मला वाटायचं, मी ते सगळं केव्हाच मागं टाकलंय.

कंपन्यांना सुट्टी असली की आम्ही चौघं बजाजनगरच्या कामगारवस्तीत एका मित्राच्या खोलीवर जमायचो आणि एक खेळ खेळायचो. हा तोंडानं खेळायचा खेळ. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात, आणि केलेलं जमलं का फसलं ते फासा ठरवतो. या खेळाच्या इंग्रजी पुस्तकात योद्धा, मांत्रिक, चोर असे पेशे तयार मिळतात. मला त्यातले बर्फाचे डोंगर नको होते. मी माझं राज्य केलं, नदी जमिनीखाली निघून गेलेलं. त्यातले पेशेही मीच बनवत होते: शिलेदार, मांत्रिक, हेर, लेणी कोरणारा पाथरवट. प्रत्येकाला चार आकडे. ताकद, चपळाई, अक्कल, वट.

खोली ज्याची, तो मित्र कंपनीत फिटर. वडील अजून मेंढरं घेऊन बिडकीनच्या बाजूला फिरायचे. तो म्हणाला, "मेंढका घाल की. पण घरात बसून लिहू नको, माझ्या बापाला बघून ये."

गेले. दिवसभर त्यांच्या मागं चालले. प्रत्येक मेंढरू ते तोंडावरून ओळखायचे. एक शेतवाला काठी घेऊन अंगावर आला, तो पंधरा मिनिटांत चहा पाजून गेला. पाणी कसं सापडतं विचारलं तर म्हणाले, "दिस कलला की पारवे कुठं उतरत्यात ते बघायचं. पाखरू फुकट नाय उतरत."

मी म्हणाले, "मामा, तुम्ही आमच्या खेळात येणार."

"म्या? आन् तिथं काय करू?"

"पाणी शोधायचं."

"मंग हितं काय येगळं करतोय?"

मेंढका मी मन लावून लिहिला. अक्कल भरपूर, वट त्याहून जास्त. मित्रानं तोच घेतला आणि पहिल्या डावापासून खेळ त्याच्या हातात गेला. जिथं तिथं पाणी यालाच सापडायचं. मांत्रिक आणि शिलेदार खेळणारे दोघे कुरकुरायला लागले.

"याच्यामागं चालण्यापलीकडं आम्हाला कामच नाही."

"मग पुढच्या डावात तू घे मेंढका," मी म्हणाले.

"हट्! मी काय मेंढरं राखायला येतो का इथं?"

सगळे हसले. मीसुद्धा हसले. मेंढका सोबत सगळ्यांना हवा होता, मेंढका व्हायला मात्र कुणी तयार नव्हतं. हे वाक्य मी पत्रकात ठोकून लिहिलं असतं. तिथं मात्र मला तो खेळातला एक बिघाड वाटला.

बिघाड काढायचा तर बाकीच्या पेशांनाही कामं द्यायला हवी होती. म्हणजे सगळं नव्यानं लिहायचं. पण खेळाची पुस्तिका पुण्याला अशाच खेळांच्या एका मेळाव्याला पाठवायची घाई होती, आणि चार पानांच्या पुढं जायचं नाही ही माझी पत्रकाची शिस्त. मी मेंढका पेशांतून उचलला आणि शेवटच्या पानावर टाकला. तिथं प्रवासाला भाड्यानं मिळणाऱ्या गोष्टींची यादी होती. खेचर ओझं वाहतं म्हणून त्याचं भाडं जास्त ठेवलं, मेंढक्याचं कमी. माझ्या दृष्टीनं हिशेब बरोबर होता. आकडे परत एकदा तपासलेसुद्धा.

छापील पुस्तिका घेऊन मी त्याच्याच खोलीवर गेले आणि त्याच्याच हातात दिली. त्यानं पेशांची पानं उलटली, परत उलटली. मग शेवटचं पान मोठ्यानं वाचलं.

"दोर. तंबू. खेचर. मेंढका. कंदील."

बाकीचे दोघे तिथंच होते, ते फिदीफिदी हसले. तोही हसला. "चला, आमचा नंबर खेचराच्या खाली लागला. कंदिलाच्या वर हाय, तेवढं बरं."

"अरे, खेळाचा समतोल बिघडत होता," मी म्हणाले. "पर्सनली घेऊ नको."

"मी कुठं घेतोय? मलाच भाड्यानं घ्यायलेत."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसायची सवय नाही. "मी तर कायम तुमच्याच बाजूनं लिहिते."

त्याचं हसू गेलं. "तुमच्या म्हंजी कुणाच्या?"

खाली टँकरचा हॉर्न वाजला. ड्रम घेऊन सगळी पळाली. तो पाणी भरून आला तेव्हा मी फासे पिशवीत टाकत होते.

पंधरा दिवसांनी मी आणि मित्र बिडकीनला गेलो. मेंढरांच्या जुन्या वाटेवर कारखान्यांसाठी तारेचं कुंपण पडलं होतं आणि मी त्यावर पत्रक काढलं होतं. नेईन असं त्यानं आधीच कबूल केलं होतं, म्हणून नेलं. मामांनी पत्रक हातात घेतलं, घडी करून खिशात ठेवलं आणि विचारलं ते भलतंच.

"पोरी, तुमच्या खेळात आमचा गडी काय म्हणतोय? हाय का मेला?"

मित्र मेंढरं कोंडायच्या जाळीची गाठ सोडत होता. त्याचा हात थांबला.

"हाय मामा," मी म्हणाले. "सगळ्यात पुढं हाय."

मी त्यांच्याशी त्यांच्या बोलीत खोटं बोलले. माझ्या तोंडून 'हाय' त्याआधी कधी निघालं नव्हतं.

मामा खूश झाले. मेंढरांकडं बोट करून लगेच विचारलं, "त्याला कुत्रं दिलंय का न्हाय?"

"नाही दिलं."

"आगं, मंग तू लिवलं काय? कुत्र्याबिगर मेंढका आसतोय व्हय? एक काळं कुत्रं दे त्याला. रातीला त्यो निजंल तरी कुत्रं जागं ऱ्हातं. लिव, लिव, इसरशील."

मी वही काढली. काय करणार? त्यांच्यासमोर उभी राहून लिहिलं, 'काळं कुत्रं. रात्री पहारा.' आणखीही सांगत राहिले, कुत्र्याचे कान कसे, हाक कशी द्यायची. सगळं उतरवून घेतलं.

परतीला गाडी तो चालवत होता. बिडकीन मागं पडल्यावर मान न वळवता म्हणाला, "घेतलं ना लिहून? कुत्र्याचं भाडं किती ठेवतीस?"

मी वही पिशवीत खाली दडपली.

घरी येऊन मी आठवडाभर बसले आणि सगळे पेशे परत लिहिले. आधीही आठवडाच लागला असता. मेंढका पहिल्या पानावर, कुत्र्यासकट. पण तोवर जुन्या पुस्तिका पुण्याला पोचल्या होत्या आणि बजाजनगरचे डाव बंद पडले होते. सुट्टीला तो ओव्हरटाइम घ्यायला लागला. मी एकदा फोन केला.

"मी मामांकडं जाते. खरं काय ते सांगते आणि माफी मागते."

"नको."

"अरे, पण मला..."

"तुला बरं वाटंल. त्याचं काय? त्यानं सगळ्या पाव्हण्यारावळ्यांत सांगितलंय. शहरातल्या पोरीनं खेळ काढलाय आन् त्यात आपला गडी सगळ्यात पुढं हाय म्हणून. चुलत्याला तर कुत्र्याचं नावबी सांगितलं." मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे आता तसंच. तू जाऊ नको तिकडं."

मी कुत्र्याचं नाव विचारलं नाही. विचारायचा मला हक्क नव्हता. फोन त्यानंच ठेवला.