आमच्या खिचडीला आधार कार्ड लागत नाही

समाजसेवेने माणूस नम्र होतो म्हणतात. आमच्यात तरी अजून कोणी झालेलं नाही. दर रविवारी सकाळी आम्ही चौघं मोठं पातेलंभर खिचडी शिजवतो, व्हॅनमध्ये घालतो आणि दवाखान्याच्या गेटसमोर उभं राहून पेशंटच्या नातेवाइकांना वाढतो. दुपारी पातेलं रिकामं होतं, पण येताना व्हॅनमध्ये कोण कोणाला काय बोललं, कोणाची कशी जिरली, एवढं मात्र हमखास उरतं. माझा नवरा म्हणतो, "तू खिचडी वाटायला जातेस की फजिती गोळा करायला?" खरं सांगायचं तर आता मलाही नक्की सांगता येत नाही!

चौघं कोण ते सांगते. मी सिल्वासातल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवते, मूळची गुहागरची. सगळे मला टीचर म्हणतात. निकमभाऊ शिरपूरकडचे, सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या एका यार्न कंपनीत फिटर. आमचे मुख्य आचारी तेच. हंसाबेन माझ्या शेजारीण, त्यांच्या पार्किंगमध्ये आमची चूल पेटते. आणि सावेकाका, पालघरचे, सरकारी ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. म्हणजे ऑफिस तसं समजतं. काकांना अजून ते मान्य नाही.

*

पहिल्याच रविवारची गोष्ट. टेबल मांडलं, झाकण उघडलं, वाफ पार गेटच्या आत पोचली. पण माणूस म्हणून फिरकेना! लोक लांबून बघायचे आणि दुसरीकडे मान वळवायचे. शेवटी एक म्हातारबाबा जवळ आले.

"कितने की प्लेट?"

मी म्हटलं, "फ्री है बाबा, खाइए ना."

बाबा दोन पावलं मागे सरकले. "फ्री है? फिर रहने दो."

निकमभाऊ म्हणाले, "घ्या टीचर! आता पैसे लावा, मग येतील."

सावेकाकांचं निदान वेगळं होतं. "व्यवस्था नाही म्हणून येत नाहीत." त्यांनी व्हॅनमधली दोरी काढली, दोन झाडांना बांधली आणि रिकाम्या रस्त्याकडे बघून ओरडले, "एका लाइनीत या! गर्दी करू नका! प्रत्येकाचा नंबर येईल!"

आणि काय आश्चर्य! पाच मिनिटांत तीस-चाळीस माणसांची लाइन लागली. काका छाती फुगवून आमच्याकडे बघायला लागले. "याला म्हणतात शिस्त."

पहिली बाई पुढे आली आणि तिने टेबलावर आधार कार्डाची झेरॉक्स ठेवली. मागच्याच्या हातात आधार आणि रेशनकार्ड दोन्ही. तिसरा विचारतोय, "फोटो किती लागतील?" दोरी बघून सगळ्यांना वाटलं, कुठल्या तरी योजनेचे फॉर्म भरून घेतायत!

मी कपाळाला हात लावला. काका मात्र इतक्या वर्षांच्या सवयीचे गुलाम. त्यांनी पहिली झेरॉक्स उचलली, चष्मा वर केला आणि त्या बाईला म्हणाले, "यावर सही कुठाय?"

*

खिचडीत काय घालायचं यावरून आमच्याकडे दोन पक्ष आहेत. निकमभाऊंना खान्देशी काळा मसाला आणि मिरची हवी. हंसाबेनना गूळ हवा. "थोडो गोळ तो जोईए ने, भाऊ! नहीं तो खाना कैसा उतरेगा गले से?"

"बेन, खिचडी आहे, लाडू नाही!"

एका रविवारी दोघांनी तह केला. ना मिरची, ना गूळ, साधी खिचडी. आम्ही खूश. प्रत्यक्षात काय झालं, भाऊ भांडी आणायला गेले तेव्हा बेननी पातेल्यात गुळाचे चार खडे सोडले आणि बेन फोन घ्यायला आत गेल्या तेव्हा भाऊंनी मूठभर तिखट मारलं. दोघांनीही भरपूर ढवळलं.

गेटवर तळोद्याच्या एक बाई होत्या, सुनेच्या बाळंतपणाला आलेल्या. त्यांनी घास घेतला, हसल्या. दुसरा घेतला आणि एकदम ठसका लागला. मी घाईघाईने पाणी दिलं, विचारलं, "मावशी, तिखट आहे का खूप?"

मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "नाही ओ. आधी गोड गोड लागते आणि मागून झटका देते. आमच्या विहीणबाईसारखी!"

*

एकदा एका कंपनीचे मोठे साहेब आले. म्हणजे आधी बॅनर आला, मग फोटोग्राफर आला, मग साहेब आले. त्या दिवशीची खिचडी त्यांच्यातर्फे होती आणि वाढणारही तेच होते. एक ताट.

लाइनीत पुढे एक वारली आजी होती. नातू ॲडमिट, पहाटेपासून पोटात काही नाही. साहेबांनी ताट पुढे केलं, आजीने धरलं. फोटोग्राफर म्हणाला, "सर, वन मोअर. थोडं माताजींकडे बघा." साहेबांनी ताट सोडलं नाही. "सर, स्माइल." ताट सोडलं नाही. "सर, बॅनर येत नाहीये, जरा डावीकडे." साहेब ताटासकट डावीकडे सरकले, त्यांच्याबरोबर आजीही सरकली, कारण तिनेही सोडलं नव्हतं!

"सर, लास्ट."

आजीने साहेबांकडे नीट वरपासून खालपर्यंत बघितलं आणि गेटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "तू पण उपाशी हाय का?"

साहेबांच्या हातून ताट आपोआप सुटलं. फोटो छान आला म्हणे. फक्त साहेबांचं तोंड उघडं आहे.

*

हा किस्सा छोटा आहे, पण माझ्या आवडीचा.

उत्तर प्रदेशचा एक माणूस होता, दादऱ्याच्या कंपनीत पॅकिंगला. त्याचा सख्खा भाऊ मशीनवर जखमी होऊन आत ॲडमिट होता. हा कठड्यावर बसून खिचडी खात होता, तेवढ्यात बायकोचा फोन आला. आम्हाला ऐकू येत होतं.

"हाँ, खा रहा हूँ... अरे, होटल में खा रहा हूँ! नहीं नहीं, अच्छा होटल है..." आमच्याकडे बघून तो ओशाळला आणि त्याने पाठ फिरवली.

निकमभाऊ हातात डाव घेऊन उभे होते. त्यांनी एक क्षण घालवला नाही. खांद्यावर फडकं टाकलं आणि त्याच्या फोनजवळ जाऊन ओरडले, "टेबल नंबर चार! साब, और क्या लेंगे? पापड, अचार, छाछ?"

तो बघतच राहिला. मग फोनमध्ये म्हणाला, "सुना? वेटर पूछ रहा है."

पलीकडून बायकोचा आवाज इतका खणखणीत आला की हंसाबेननीही ऐकला: "वेटर को बोलो, चिल्लाए मत! और टिप मत देना!"

*

माझीही जिरली आहे, लपवत नाही.

सायलीच्या बाजूला एका पाड्यावर आम्ही बायकांसाठी रक्ततपासणी ठेवली. नर्सबाई सुई टोचणार आणि मी आहारावर भाषण देणार. मी चार्ट घेऊन गेले होते. लोह म्हणजे काय, ॲनिमिया म्हणजे काय, पालेभाज्या, नाचणी, मोड आलेली कडधान्यं... अर्धा तास बोलले. बायका शांतपणे ऐकत होत्या. मध्येच मला जरा गरगरलं, म्हणून खुर्चीला धरून बोलले.

पुढे बसलेली लक्ष्मी नावाची बाई म्हणाली, "टीचर, तुमची पण करा ना तपासणी."

सगळ्या हसल्या. आता नाही कसं म्हणणार? केली. लक्ष्मीचं हिमोग्लोबिन बारा निघालं. माझं आठ!

नर्सबाईंनी लक्ष्मीपुढे धरलेलं गोळ्यांचं पाकीट फिरवून माझ्या हातात ठेवलं. लक्ष्मी उठली, घरात गेली आणि नाचणीची भाकरी, वर कसल्या तरी पाल्याची भाजी घेऊन आली. मला समोर बसवलं. पंधरा-वीस बायका गोल करून बघतायत आणि मी खातेय. मी अर्धी भाकरी ठेवायला लागले तशी लक्ष्मी माझाच चार्ट उचलून म्हणाली, "टीचर, यात लिहिलंय, पुरती खायची."

चार्टवर असं काहीही लिहिलेलं नव्हतं. चार्ट तिने उलटा धरला होता. मी पुरती खाल्ली.

*

लग्नातलं उरलेलं अन्न आणायलाही आम्ही जातो. एकदा दुपारी दादऱ्याहून फोन आला, "शंभर माणसांचं जेवण उरलंय, लगेच या!" आम्ही पातेली घेऊन धावलो. बघतो तर पंगती चालूच! दारात एका काकूंनी आमच्यावर गुलाबपाणी शिंपडलं, "मुंबईकडचे ना? किती उशीर!" आणि आम्ही कोण ते सांगायच्या आत आम्हाला खुर्च्यांवर बसवलं.

सावेकाका कुजबुजत राहिले, "हे नियमात बसत नाही." पण तोवर पानात जिलेबी पडली होती. निकमभाऊ म्हणाले, "काका, अन्नाला नाही म्हणू नये." चौघंही जेवलो. भाऊ तर नंतर वरातीत नाचलेसुद्धा.

मग मुलीच्या वडिलांना गाठलं आणि ओळख सांगितली. ते बिचारे ओशाळून म्हणाले, "उरलं होतं हो. पण मुंबईचे पाहुणे जरा जास्तच जेवले."

*

आता काकांचा किस्सा.

नरोलीला कामगारांच्या खोल्या आहेत. एकेका खोलीत सहा-सात माणसं, शिफ्टप्रमाणे झोपतात. तिथे रमेश नावाचा एकजण काविळीने पडलाय, असं निकमभाऊंना कळलं. रविवारी संध्याकाळी आम्ही चौघं गेलो. खोलीत अंधार, कोपऱ्यातल्या कॉटवर चादर ओढून रमेश पडलेला. त्याने पिवळे डोळे उघडले, "बरंय," म्हणाला आणि परत मिटले. रूममेट सगळे ड्यूटीवर. पाणी द्यायलाही कोणी नाही.

बाहेर आल्यावर सावेकाका म्हणाले, "याची केस मी बघतो."

सोमवारपासून काका रोज दुपारी बाराला स्कूटरवरून नरोलीला. डब्यात मऊ भात, मुगाचं पाणी, उकडलेला दुध्या. तेल नाही, तिखट नाही, मीठ नावाला. संध्याकाळी आमच्या ग्रुपवर रिपोर्ट. सोमवार: "पेशंटने सर्व अन्न घेतले." मंगळवार: "ताप नाही." बुधवार: "डोळ्यांतील पिवळेपणा पूर्ण गेला आहे." गुरुवार: "कमालीची सुधारणा. डॉक्टर लोक उगाच महिना सांगतात."

शुक्रवारी निकमभाऊंना रमेशचा फोन आला. "भाऊ, आभार मानायचे राहिले. मी रविवारीच रात्री भावासोबत नवापूरला घरी आलो. इथे औषध चालू आहे."

भाऊंनी मला फोन केला. मी म्हटलं, "मग काका डबा कोणाला देतायत?"

शनिवारी दुपारी आम्ही दोघं काकांच्या मागोमाग गेलो. दारातून बघितलं. काका कॉटवर बसले होते आणि समोर एक दणकट, मिशीवाला, पस्तिशीचा गडी मांडी घालून खाली मान घालून बिनमिठाचा दुध्या खात होता. भाऊंनी त्याला ओळखलं. "अरे, हा तर आमच्या कंपनीतला भटू! नाइट शिफ्टवाला! काका, याला कसली कावीळ? परवा याने एकट्याने मशीनची मोटार उचलली!"

काकांना सगळं सांगितलं. ते हळूहळू लाल होत गेले.

"म्हणजे सहा दिवस... मी... आणि तू बोलला नाहीस? तोंड नव्हतं तुला?"

भटूने डबा खाली ठेवला. "बोलणारच होतो ओ काका. पहिल्या दिवशी मी रात्रपाळी करून झोपलेलो. तुम्ही चादर बाजूला केली. मी सांगणार, तेवढ्यात तुम्ही कपाळावर हात ठेवला."

"मग?"

"मग काही नाही. ठेवला."

"आणि हे रोजचं? हा दुध्या?"

"दुध्या लई वाईट होता, काका," भटू म्हणाला. "पण डब्याच्या आधी तुम्ही रोज हात लावून बघायचे ना. चार वर्षं झाली मला इकडे येऊन."

त्याने डबा परत उचलला आणि उरलेला दुध्या संपवला.

काकांनी डब्याचं झाकण लावलं. डबा पिशवीत ठेवला. उठले, दारापर्यंत आले, चप्पल घातली. मग चप्पल काढून परत आत गेले आणि भटूच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

"कणकण वाटतेय," काका म्हणाले.

"नाही ओ काका, मी एकदम ठीक आहे."

"तुला काय कळतंय? आहे म्हणतो ना मी. उद्या खिचडी वाटून झाली की येतो."