बियाण्याचं वांगं

पार्बताबाईंच्या वांग्यांच्या वाफ्यात एखाद्या देठाला लाल चिंधी बांधलेली असायची. किडीला पुरून उरलेलं, सगळ्यात दणकट वांगं ते. पुढच्या सालच्या बियाण्यासाठी राखलेलं. त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती. त्यांचे यजमान केशवराव एकदा भरतासाठी तेच तोडून बसले, तर घरात कितीतरी दिवस अबोला होता.

परतवाड्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या या बाईंना काही वाया गेलेलं खपत नसे. मेथीच्या काड्या बकरीला, कपड्यांच्या चिंध्या वांग्यांना. दवाखान्यातून आणलेल्या गोळ्या बरं वाटलं की बंद, आणि उरलेल्या पितळी पानडब्यात. "बरं वाटून राह्यलं ना तुले? मंग औषध काहून गियतं?" असा त्यांचा सवाल. गल्लीत कोणाला ताप आला की डबा घेऊन पार्बताबाई दारात हजर. आम्ही शेजारी थट्टेनं त्यांना 'डाक्टरीणबाई' म्हणायचो आणि दिलेली गोळी मुकाट्यानं घ्यायचो. यात त्यांचा काडीचाही स्वार्थ नव्हता, हे मी कुठंही सांगेन.

खुशी ही त्यांची एकुलती नात, दुसरीत शिकणारी. तिचे आईबाप, प्रणाली आणि जीवन, दोघंही दिवसभर कामावर. पोरगी आजीजवळ. तिला मधूनमधून लघवीला जळजळ व्हायची, अंग तापायचं. आजी डब्यातली कॅप्सूल द्यायची. ताप उतरला की कॅप्सूल बंद. पुन्हा ताप, पुन्हा डबा. असं वर्षभर चाललं. "आईले सांगू नको बरं, उगीच घाबरते ते," हेही वर.

दिवाळीनंतर खुशीला थंडी वाजून ताप भरला. पाठीत कळा, उलट्या. जीवननं तिला तडक अमरावतीला नेलं. तिथल्या डॉक्टर रागिणी यांनी विचारलं, "याआधी हिला कुठलं औषध दिलं होतं का?"

"नाही," प्रणाली म्हणाली. तिला बिचारीला काय ठाऊक!

पार्बताबाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. बोलायला तोंड उघडलं, पण समोर लेक आणि सून. "नाई व बाई, कायचं औषध," त्याही म्हणून गेल्या.

मग डॉक्टरांनी नेहमीचं औषध सुरू केलं. ताप हटेना. पोरगी डोळे उघडेना. लघवीच्या तपासणीचा निकाल आला तेव्हा डॉक्टरांचा चेहरा उतरला. नेहमीची औषधं हिच्या जंतूंवर चालतच नव्हती.

"असं होतं कसं?" जीवननं विचारलं.

"औषध अर्धवट पडलं, तर लेचेपेचे जंतू मरतात आणि दांडगे उरतात. मग पुढची सगळी पैदास त्या दांडग्यांची. हिच्या अंगात आता तेच आहेत."

पार्बताबाईंना कळायला वेळ लागला नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे लाल चिंधी आली. जन्मभर जे वांग्याचं केलं, तेच त्यांनी नातीच्या अंगात केलं होतं. दांडगं बियाणं राखलं होतं.

आता एकच इंजेक्शन उरलं होतं. त्यानं कानांना इजा होऊ शकते, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं. जीवन हो म्हणाला. दुसरं म्हणणार तरी काय?

खुशी वाचली. पण बारीक, उंच आवाज तिच्या कानांतून गेले ते गेलेच. केशवरावांचा भरदार आवाज तिला अजून ऐकू येतो. कुकरची शिटी, आजीच्या बांगड्या आणि आजीचा बारीक आवाज मात्र नाही.

घरात कोणी पार्बताबाईंना बोललं नाही, कारण कोणाला माहीतच नव्हतं. जीवन नशिबाला दोष देत राहिला. त्या ऐकून घेत आणि ताटावरून अर्धपोटी उठत. समोरच्या माणिकबाई नातवासाठी गोळी मागायला आल्या, तर "संपल्या" म्हणाल्या. डबा तर मागंच होता, भरलेला.

परवा संध्याकाळी त्या ओट्यावर खुशीच्या वेण्या घालत होत्या. मी आमच्या दारात बसलो होतो. त्या पोरीच्या कानाशी वाकल्या आणि पुटपुटल्या.

"काय म्हणतं आजी? मोठ्यानं सांग ना!"

त्यांनी जरा आवाज चढवला. पोरीनं नकारार्थी मान हलवली. आत प्रणाली मेथी निवडत होती. माणिकबाई समोरच्या ओट्यावर होत्या. पार्बताबाईंनी एकदा गल्लीभर पाहिलं, आणि मग छाती फुटेस्तोवर ओरडल्या.

"तुह्ये कान माह्यानं गेले व पोट्टे! मीनं देल्या तुले डब्यातल्या कॅप्सुला, अन् अर्ध्यातच बंद केल्या! डाक्टरीणनं इचारलं तं खोटं बोलली मी!"

प्रणाली मेथीची जुडी हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"आता आलं आयकू," खुशी म्हणाली, आणि दुसऱ्या वेणीसाठी तिनं डोकं पुढं केलं.