रोख चौदाशे आणि कागदावरचं पाऊल

आक्काआत्याची चप्पल तयार झाली. गडमुडशिंगीच्या शिवाप्पांनी, म्हणजे ती बांधणाऱ्या कारागिरांनी, आज सकाळी स्वतः फोन करून ते पक्कं केलं. "अण्णास्नी सांगा, डावीचा पट्टा सैल ठेवलाय," म्हणाले. चप्पल घ्यायला कोल्हापूरला जाणार असाल तर ही हकिकत वाचून जा. माझं एक ठाम मत त्या प्रवासात आपटलं.

गेल्या शनिवारी पहाटे साडेपाचला मी आणि माझे वडील, अण्णा, पुण्याहून निघालो. रस्त्याची कामं चालू आहेत, जागोजागी वळणरस्ते आहेत, तेव्हा सहा तास धरून चाला. अण्णांच्या खिशात दोन गोष्टी होत्या: पेन्शनमधले रोख पैसे आणि मागच्या भेटीत वर्तमानपत्रावर पेन्सिलीने काढून आणलेली आक्काची दोन पावलं. आक्का म्हणजे त्यांची शिरोळची थोरली बहीण. अण्णा कॉलेजला निघाले तेव्हा दूध विकून तिने त्यांना पहिली चप्पल घेऊन दिली होती. "तिची चप्पल माझ्या हातच्या पैशांनी घ्यायची. तुझ्या फोनातून नाही," हे त्यांनी खंबाटकीच्या आधीच बजावलं.

कोल्हापुरात शिरल्यावर आधी मिसळ. दोघांचे दोनशे वीस, कट मागाल तितका. आमच्या पुण्यात हल्ली आधी कूपन घ्यावं लागतं. इथे आधी पोटभर खायचं, मग हात धुऊन गल्ल्यावर जायचं. अण्णांनी पाचशेची नोट काढली. मालक कुरकुरले, "सुट्टं न्हाय की ओ पावणं," पण शेजारच्या पानपट्टीवरून मोडून आणली.

मग चपलांच्या बाजारामागच्या गल्लीतलं दुकान. प्रत्येक जोडाला दोऱ्याने एक पुठ्ठा बांधलेला, त्यावर कारागिराचं नाव आणि त्याच्याच खात्याचा क्यूआर कोड. अण्णांना चौदाशेचा एक जोड पसंत पडला, पुठ्ठ्यावर नाव शिवाप्पांचं. त्यांनी नोटा पुढे केल्या.

"रोख न्हाय घेत आम्ही," दुकान चालवणाऱ्या सुमनताई म्हणाल्या. "दारावर लिवलंय."

मी सरसावले. "ताई, हे भारताचं चलन आहे. नाकारताच येत नाही तुम्हाला. कायदा आहे."

"व्हय? मग कायद्याला इचारा. जोड अजून खिळ्यावर हाय, पैसं तुमच्या हातात हायेत. तुमचं-माझं काय ठरलंय?"

मी तावातावाने पुण्यातल्या वकील मैत्रिणीला, नीताला, स्पीकरवर घेतलं आणि मिसळवाल्याने नोट कशी घेतली तेही सांगितलं. ती हसलीच. "मिसळ खाऊन झाली होती, म्हणजे तुमच्या अंगावर देणं झालं होतं. त्या देण्यापोटी खरी नोट पुढे केली तर ती चालायला हवी. वैध चलन म्हणजे ते. चपलेचा सौदा अजून झालाच नाही. विकण्याआधीच कुणी सांगितलं की पैसे असेच घेईन, तर साध्या दुकानदाराला रोख घ्यायला लावणारा सरसकट कायदा माझ्या तरी माहितीत नाही. भांडू नकोस, पुढे जा."

सुमनताईंनी मला पाणी दिलं. "पावणं, पयलं आम्ही बी रोख घेत हुतो. मधल्या मधी पैसा थांबायचा, कारागीर हेलपाटं घालायचा. आता ज्याचा जोड, त्याच्याच खात्यात. मी रोख घेतली की सगळं मागचं सुरू."

"मी करते, अण्णा," मी फोन काढला. अण्णांनी नोटा घडी करून खिशात ठेवल्या आणि दाराकडे वळले. चाळीस किलोमीटरवर आक्का वाट बघत होती आणि हे रिकाम्या हाताने निघाले होते. पायरीवर थबकून त्यांनी विचारलं, "हा शिवाप्पा राहतो कुठं?"

सुमनताईंनी लगेच शिवाप्पांना फोन लावला, वकिलीणबाईसकट सगळा किस्सा सांगितला आणि फोन अण्णांच्या हाती दिला.

गडमुडशिंगी शहराला लागूनच आहे. शिरोळला जाताना वाट थोडी वाकडी करावी लागते. शिवाप्पा दारातच कातडं ठोकत बसले होते. त्यांनी नोटांकडे पाहिलंच नाही, आधी कागद मागितला. पावलावर वीत फिरवली.

"डावा पाय सुजतो का ओ?"

"संध्याकाळी सुजतो," अण्णा म्हणाले.

"मग दुकानातला जोड घेऊन चूकच केली असती. आठवड्यात नवा बांधतो. रोख? आणा की! माझा जोड, माझा हात." चौदाशे कपाळाला लावून त्यांनी खिशात घातले आणि मला डोळा मारला. "आता माझ्या अंगावर देणं झालं बगा. तुमच्या वकिलीणबाईस्नी इचारा."

शिरोळला आक्काने पिठलं-भाकरी वाढली आणि कागदावरची पावलं नाहीत बघून म्हणाली, "पेपर गेला, चप्पल न्हाय आली. ह्यो कसला सौदा रं?" अण्णांनी हसत आणखी एक भाकरी मागून घेतली.

घरी येऊन आठवडा होत आला. मिसळीचा ठसका उतरला, पण रोख नाकारली म्हणून तावातावाने बोललेलं माझं वाक्य अजून कानाला टोचतं. तुम्ही जाल तेव्हा दारावरची पाटी आधी वाचा.

येत्या शनिवारी अण्णा एकटेच एसटीने जाणार आहेत. जोड घेतील, तसेच शिरोळला जातील. आक्काने फोनवर बजावलंय की चप्पल ती संध्याकाळी, पाय सुजल्यावरच घालून बघणार.