डाळिंबवाल्या मॅडम

सौंसरात ज्याच्या त्याच्या वावरात संत्री, आणि आमच्या मॅडमचं नाव मात्र डाळिंबवाल्या मॅडम. त्या इतिहास शिकवत. ग्रीसचा धडा आला की पुस्तक मिटून एक गोष्ट सांगत. पाताळाच्या राजानं एका देवीची मुलगी पळवली. आईनं रागानं पृथ्वीवर पीकच येऊ दिलं नाही. शेवटी मुलगी परत मिळाली, पण पाताळात तिनं डाळिंबाचे दाणे खाल्ले होते, आणि तिथलं अन्न खाल्लं की तिथं परत जावंच लागतं. म्हणून ती वर्षातला काही काळ आईकडे, काही काळ खाली.

"आता सांगा पोट्टेहो, दाणे तोंडात गेले कसे?" इथं मॅडमना खरा रंग चढे. एका कवीच्या गोष्टीत राजा गुपचूप खाऊ घालतो. दुसऱ्याच्या गोष्टीत मुलगी बागेत हिंडताना स्वतःच फळ तोडून खाते. आजकालचे लोक तर म्हणतात, तिला तिथं राणीच व्हायचं होतं. सगळं फळ्यावर शेजारी शेजारी मांडत आणि निकाल मात्र दरवर्षी तोच देत, पहिली गोष्ट खरी! "आईले सोडून कोणती पोरगी आपल्या मनानं जाईन? फसवलंच तिले."

त्यांची मीनल माझ्याच वर्गात. शाळेत आईला मॅडमच म्हणायची. एकदा उठून म्हणाली, "मॅडम, तिले भूक लागली असन न." वर्ग हसला. मॅडमनी तिला खाली बसवलं.

पुढं मीनल नागपूरला नर्स झाली आणि तिथल्याच एका मुलाशी, घरी न विचारता, लग्न करून मोकळी झाली. मॅडमचा निकाल तयारच होता. "फूस लावून नेलं माह्या पोरीले." त्यांनी तिचा फोन घेणं बंद केलं.

त्यांची बाग आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून. संत्र्याला बहार यावा म्हणून आम्ही काही आठवडे पाणी तोडतो, त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल झाली की पाणी सुरू करायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. त्या वर्षी मॅडमनी पाणी सुरूच केलं नाही. पानं गळू लागली तेव्हा माझे बाबा सांगायला गेले.

"मॅडम, झाडं मरून राहिली न!"

"मरू द्या. कोणासाठी फळं धरायची?"

मला रागच आला. झाडांनी काय घोडं मारलं होतं त्यांचं?

शेवटी बाबांनीच मीनलला कळवलं. ती बसमधून उतरली ती थेट बागेत गेली आणि तिनं मोटर सुरू केली. आवाज ऐकून मॅडम तरातरा आल्या. मी धुऱ्यावरच होतो.

"कोणं पाठवलं तुले?"

"कोणी नाही. आपल्या मनानं आली."

मॅडमनी दांडातून झाडांकडे धावणारं पाणी पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "अन् गेली तवा?"

"तवाबी आपल्या मनानंच गेली होती, आई."

मॅडमनी फावडं उचलून कडेच्या झाडांकडे पाणी वळवलं. ती झाडं वाळली ती वाळलीच, बाकीची वाचली.

आता मीनल येते, राहते, परत जाते. मॅडम निवृत्त झाल्या. परवा माझ्या मुलीला ती गोष्ट सांगत होत्या, या खेपेला एकाच तऱ्हेनं. मुलगी बागेत हिंडते, भूक लागते, फळ तोडून खाते.

"मग तिची आई काय करते?" माझ्या मुलीनं विचारलं.

"काय करन? बागेले पाणी देते," मॅडम म्हणाल्या, "अन् बसची वाट पाहते."