दौंडला फिनिशियन उतरलेत

१९५७ साल. मी एकोणीस वर्षांचा होतो. आम्ही शिरूरचे रंगारी. माझी शाळा दुसरीपर्यंत, तीही माझ्याच मर्जीनं सुटली. तरी ‘फिनिशियन’ हा शब्द मला जन्मभर पाठ आहे आणि तो कुणी भलताच वापरलेला मला खपत नाही. सगळ्यात भलता मीच वापरला, म्हणून.

शेजारच्या खोलीतले मास्तर उपरणं रंगवायला आले की ओट्यावर बसून जुन्या गोष्टी सांगत. त्यांनीच सांगितलं, फार मागं समुद्राकाठी एक व्यापारी लोक होते. शिंपल्यातल्या गोगलगाईंतून लालजांभळा रंग काढायचे. शेजारच्या ग्रीकांनी त्या रंगावरूनच त्यांना फिनिशियन म्हटलं, म्हणे.

“आन् ते सोताला काय म्हणायचे?”

“आपापल्या गावाचं नाव सांगायचे. जसा तू शिरूरचा.”

“मग गावाच्या नावानं हाक मारावी की.”

मास्तर हसले. “हाक मारणारा विचारतो होय? गावं जळाली, नाव तेवढं राहिलं.”

मला ते बरं वाटलं नाही.

त्याच आठवड्यात आमचा निळीचा रांजण नासला. चुना, गूळ, टाकळ्याचं बी, सगळं मापात. तरी फेस बसला आणि पाणी काळं पडून घाण मारायला लागलं. अशा वेळी आम्हा रंगाऱ्यांची एक रीत होती. बाजारात थाप सोडायची. लोकांनी खरी मानली की नासलेला रांजण पुन्हा रंगावर येतो. अट एकच, थाप माघारी घ्यायची नाही. घेतली की रांजण मेला.

“जा, सोडून ये,” अब्बा म्हणाले. “दोन तोंडाचं वासरू आता कुनाला पटत न्हाई. नवं काढ कायतरी.”

मी चहाच्या हॉटेलात बसलो आणि म्हणालो, “दौंडला फिनिशियन उतरलेत. हात कोपरापातूर लालजांभळे.”

“काय करत्यात?” हॉटेलवाल्यानं विचारलं.

“दौंडवाल्यास्नी विचारा,” म्हणालो आणि चहा संपवला.

तिसऱ्या दिवशी रांजणावर जांभळा फेस आला, म्हणजे रांजण जगला. त्याच दिवशी तोच हॉटेलवाला मला सांगायला लागला, “ऐकलंस का? फिनिशन रक्तातनं रंग काढत्यात. पोरंबाळं आत ठिवा.” हे मी बोललो नव्हतो. दुपारी चारला गल्लीत एक पोर दिसेना, दारं आतून लावलेली. तोंडाशी आलं होतं, की थाप आहे. पण अब्बा रांजणावर वाकून गालात हसत होते, आणि खरं सांगायचं तर मलाही माझ्या थापेचा गर्व होता.

चौथ्या दिवशी दौंडहून मामू यायचे होते. आईचे भाऊ, तेही रंगारी, पण तांबड्या रंगाचे. त्यांचे हात मला आठवले ते एस.टी.चा कंडक्टर दारात येऊन उभा राहिला तेव्हा.

“वाटंवरच्या गावात एकाला गाडीतनं वढून काढलाय. हात लाल. तुमचं नाव घेतोय.”

अब्बा आणि मी मिळेल त्या गाडीनं गेलो. चावडीत मामू बसले होते, हात दोरखंडानं बांधलेले, कपाळ फुटलेलं.

“पाटील, ह्यो माझा मेव्हणा. रंगारी हाय,” अब्बा म्हणाले.

गर्दीतून कुणीतरी बोललं, “रंगारी असंल. पर फिनिशन न्हाई कशावरनं?”

उत्तर माझ्याकडं होतं. मी तोंड उघडलं तसं अब्बांनी माझं मनगट दाबलं.

पाटलांनी दोर सोडवला. “आज न्ह्या. पर उद्या माघारी ह्याच रस्त्यानं जायाचं. तवा म्या हितं असंन का न्हाई, सांगता येत न्हाई.”

घरी मामूंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि मला विचारलं, “भाचं, ही फिनिशन कोण जात हाय रं?”

अब्बा रांजणाचं झाकण नीट बसवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामू उठायच्या आत मी दौंडची पहिली गाडी धरली. त्या गावात उतरलो, चावडीच्या पायरीवर चढलो आणि दोन्ही बाह्या वर सारून माझे निळे हात सगळ्यांपुढं धरले. म्हणालो, “फिनिशियन म्हंजी रंगारी. आमच्यासारखंच. बाकी थाप हाय, आन् ती म्या सोडलीया. धरायचं तर मला धरा.”