दाजींची हरकत

फेरफार झाल्याशिवाय परभणी जिल्ह्यात झाडाचं पानही हलत नाही, अशी माझ्या थोरल्या दाजींची पक्की श्रद्धा होती. ते पालमकडचे तलाठी. जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेली की जी नोंद होते, तो फेरफार. कचेरीतले साहेब त्याला म्युटेशन म्हणत. दाजींना तो बारशालाही लागे. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं की हे पाळण्यापाशी उभे राहून विचारत, "कुणाची हरकत हाय का?" आणि खरोखरच थांबत. बाळ रडलं की "आली हरकत!" म्हणून मोकळे. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव डोकी तापलेली असतानाही यांचं आपलं एकच, "नोंद मंजूर व्हायला येळ लागतोच." हे ऐकून दोन्हीकडचे चिडत.

पुढे त्यांना दरदरून घाम सुटू लागला, छाती धडधडू लागली, गळ्याला गाठ दिसू लागली. तशी ती वडिलांनाही होती, म्हणून दाजींनी घराण्याची खूण म्हणून मिरवली. शेवटी मीच त्यांना मुंबईच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "गळ्यातली गाठ आणि मूत्रपिंडावरची गाठ, दोन्हींचं मूळ एकच. जनुकात म्युटेशन झालंय."

दाजी ताडकन उठले. "मला नोटीस न देता? सही कुणाची हाय?"

डॉक्टर हसले नाहीत. हा बदल वडिलांकडून आलाय, मुलांत उतरण्याची शक्यता निम्मी, तेव्हा दोन्ही लेकरांना तपासायला आणा, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

"पोरीतबी उतरतो?"

"मुलगा-मुलगी सारखंच."

दाजी खाली बसले. भावांसाठी जमिनीतला हिस्सा सोडणाऱ्या किती बहिणींची हक्कसोडपत्रं त्यांच्या हाताखालून गेली असतील. हळूच म्हणाले, "सायेब, ह्याचं हक्कसोड लिवून घेता न्हाई येणार का? सही करील ती. लय गुणाची हाय."

एरवी मी हसलो असतो.

भाच्याला काही नव्हतं. भाचीच्या गळ्यात ज्वारीएवढी गाठ सापडली, ती वेळेत काढली. दाजींचा आजार मात्र पसरलेला होता. गावी येताच काठी टेकत ते दुसऱ्या तलाठ्यापुढे जाऊन बसले, निम्मी जमीन पोरीच्या नावे करायला. भाच्याने कुरकुर केली, तेव्हा म्हणाले, "पोराला जमीन आन् पोरीला गाठ? असली वाटणी मला मंजूर न्हाई."

नोंद होऊन आली तेव्हा दाजी नव्हते. गेलेल्या माणसाच्या नावाला सातबाऱ्यावर कंस करतात. भाची स्वतःचं नाव वाचेचना. कंसातल्या नावावर बोट ठेवून बसून राहिली. मला तिथे बसवेना.