तीन बोटांखालचं खोटं

नाडी बघून रोग सांगणं ही शुद्ध फसवणूक आहे, असं पत्रक मी लिहिलं. ते छापून आणलं आणि मग नाडी दाखवायला गेलो. क्रम उलटा होता, हे मला तेव्हा खटकलंही नाही. आमच्या मंडळींत असंच चालायचं. निकाल आधी ठरायचा, तपासणी नंतर व्हायची.

मंडळी म्हणजे तरी कोण? भोकरदनला बुवाबाजीविरुद्ध पत्रकं काढणारे सुरुवातीला आम्ही चौघं होतो. एक पुण्याला नोकरीला गेला. एकाचं लग्न झालं आणि सासऱ्याला आमची पत्रकं चालेनात. तिसरा, आमच्यात वयानं मोठा, संभाजीनगरला राहायला गेला आणि तिथून फोनवर सूचना देऊ लागला. पत्रकं मी लिहायची, मी वाटायची, शिव्याही मीच खायच्या. शिकवणीच्या वर्गात आठवी-नववीला विज्ञान शिकवायचो आणि परत येऊन भाड्याच्या खोलीचं कुलूप उघडायचो. आई-वडील धावड्याला. आईचा फोन आला की "जेवलो" म्हणायचं, जेवलेलो असो वा नसो.

त्या दोन-तीन महिन्यांत माझं वजन उतरत चाललं होतं. खिळ्यानं पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली. तहान अशी, की शिकवता शिकवता मधेच बाहेर जाऊन बाटली भरायची. हे कोणाला सांगितलं नाही. सांगणार कोणाला? एका दवाखान्यात गेल्तो. डॉक्टरनं मान वर न करता विचारलं, "काय होतं?" मी म्हणालो, "थकवा." चिठ्ठी, ताकदीच्या गोळ्या, पुढचा पेशंट. मी दारापर्यंत पोचलो तोवर माझ्या स्टुलावर दुसरा माणूस बसला होता. त्या डॉक्टरवर मी पत्रक काढलं नाही. त्याच्याकडं पदवी होती, यंत्रं होती. तो आपल्या बाजूचा, असं मी धरून चाललो होतो. याची आज मला लाज वाटते.

पत्रक होतं ते एका वैद्यावर. आयुर्वेदाचा माणूस, वरून चिनी पद्धतीचाही कोर्स केलेला. पाटीवर लिहिलेलं: नाडीवरून सर्व रोगांचे अचूक निदान. आत भिंतीवर जिभेचा चिनी नकाशा, टोकाला हृदय, कडांना यकृत, मुळाशी मूत्रपिंड. त्याच्या शेजारी वात-पित्त-कफाचा तक्ता. ते बघून मला हसूच आलं. एका माणसाच्या अंगात दोन देशांचा कारभार!

असल्या ठिकाणी जायचा आमचा नियम पक्का होता. खरं दुखणं सांगायचं नाही. खोटी तक्रार घेऊन जायचं, वैद्यानं त्यावर औषध दिलं की तेच छापायचं. मी कंबरदुखी ठरवली होती. पत्रकांची पिशवी खांद्यालाच होती. बाहेर पडलो की लगेच वाटायची.

नंबर आला. वैद्य पन्नाशीचा, बनियनवर पांढरा सदरा. "ये, बस. जल्दी हाय का काही?"

"न्हाई."

त्यानं तक्रार विचारलीच नाही. उजवं मनगट घेतलं आणि तीन बोटं ठेवली. पहिल्याखाली वात, मधल्याखाली पित्त, तिसऱ्याखाली कफ, हे मला पाठ होतं. मीच पत्रकात लिहिलं होतं. मग डावं मनगट. आधी हलकं धरलं, मग दाबून. ही चिनी रीत. किती वेळ लावतो ते मला मोजायचं होतं. मोजणं राहून गेलं. किती दिवसांत मला कोणी हात लावला नव्हता, एवढंच डोक्यात येत राहिलं. एसटीत खांद्याला खांदा लागतो, दुकानात पुडा घेताना बोटं लागतात, पण ते धरणं नसतं. त्याचा हात उबदार होता. मला स्वतःचाच संताप आला. फसवणूक उघडी पाडायला आलेला मी आणि माझेच डोळे भरून येतात म्हणजे काय?

"जीभ काढ." मी काढली. "चिरा पडल्यात की. कोरडी ठक्क. आता सांग, काय होतं?"

"कंबर दुखती."

"झोप?"

"बराबर लागती."

"तहान?"

"जास्त न्हाई."

त्यानं माझ्या मांडीवरच्या बाटलीकडं बोट केलं. "ही तू आल्या आल्या माझ्या माठातून भरली. बसल्या बसल्या परत एकदा भरली. मी इथून बघून राह्यलो होतो. आता बी रिकामीच हाय. आन् म्हणतो तहान न्हाई."

"ऊन लई हाय."

"माझ्या पंख्याखाली कुठलं ऊन रे बाबा?" बाहेर बाकावर बसलेली एक बाई फिसकन हसली. वैद्य मात्र हसला नाही. पुढं वाकला. "तोंड उघड. श्वास सोड. काय खाऊन आला?"

"काहीच न्हाई."

"मंग पिकल्या फळाचा वास कशाचा? आन् खरं सांग, मोरीत मुंग्या येतात का? लघवीच्या जागी?"

येत होत्या. पंधरा दिवस मी मोरीत मुंग्यांच्या खडूनं रेघा ओढत होतो आणि घरमालकाच्या नालीला दोष देत होतो. विज्ञान शिकवणारा माणूस!

"जेवायला सोबत कोण असतं?"

"असतात लोक," मी म्हणालो. तेही खोटंच होतं. त्यानं ते तसंच सोडून दिलं.

"कंबर-बिंबर काय न्हाई तुझी. आत्ता ऊठ, सरकारी दवाखान्यात जा, साखर तपास. माझी पुडी बिलकुल घ्यायची न्हाई. चालत जाऊ नको." तो स्वतः बाहेर आला आणि रिक्षावाल्याला म्हणाला, "दारात सोडू नको याला, आत नेऊन बसव."

दवाखान्यात बोटातून रक्त घेतलं. यंत्रावर आकडाच उमटेना. साखर त्याच्या मोजण्यापलीकडं गेली होती. रुग्णवाहिकेनं जालन्याला पाठवलं. तिथं सिस्टरनं कागद पुढं ओढला. "पेशंट कोण?"

"मीच."

"सोबत कोण?"

"मीच."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि ती जागा कोरी ठेवली. तिथले डॉक्टर म्हणाले, अजून एक-दोन दिवस काढले असते तर बेशुद्ध पडला असतास, आणि एकट्याच्या खोलीत ते कळलंही नसतं कोणाला. आई तिसऱ्या दिवशी आली, कारण मी तिला कळवलंच तिसऱ्या दिवशी. आता रोज पोटात सुई टोचून घ्यायची, जन्मभर.

परत आल्यावर आधी वैद्याकडं गेलो. कोण होतो, कशासाठी आल्तो, सगळं सांगितलं. त्याला राग आला नाही. मी विचारलं, "नाडीत काय दिसलं होतं? खरं सांगा."

"नाडी जल्दी चालून राह्यली होती, अशक्त माणसाची चालते तशी. पण साखर काय नाडीत दिसत न्हाई बाबा. ती तुझ्या बाटलीत दिसली, पट्ट्यात दिसली, वासात आली. नाडी धरली का माणूस गप बसतो. मंग त्याला नीट बघता येतं."

"हेच छापतो."

त्याचा चेहरा उतरला. "ते नको छापू. लोक नाडीसाठी येतात. नुसतं बघून घ्यायला कोण येतं?"

"मग पाटीवर खोटं लिहिलंय तुम्ही."

"त्याच खोट्यापायी तू माझ्या दारात आल्ता."

"आणि तीच पाटी वाचून एखाद्यानं साखरेची गोळी बंद केली तर?"

त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली.

मी नवं पत्रक लिहिलं. नाडीत साखर दिसत नाही, नीट बघणाऱ्याला दिसते. मान वर न करणाऱ्याच्या पदवीवर विश्वास ठेवू नका, नाडीत सगळं दिसतं म्हणणाऱ्याच्या पाटीवरही ठेवू नका. खाली माझी सगळी हकिकत, मुंग्यांसकट. मजकूर संभाजीनगरला पाठवला. फोन आला.

"जय भीम. वाचलं. ही तर वैद्याची जाहिरात झाली की रे."

"जे घडलं तेच लिहिलंय, दादा."

"घडतं लई काही. सगळं छापायचं असतं का? जुनं छापलेलं पडून हाय ना, ते वाट."

"जुन्यात सगळं खरं न्हाई."

"आजारपणानं हळवा झाला तू. आराम कर थोडा."

त्यानंतर त्यानं माझा फोन उचलला नाही.

जुनी पत्रकं मी रद्दीत दिली. नवी काढली, पण खाली मंडळींचं नाव टाकता आलं नाही. हसनाबादच्या बाजारात एकटाच उभा राहिलो. एकानं विचारलं, "तुम्ही वैद्याच्या बाजूचे का डॉक्टरच्या?" मी म्हणालो, "कोणाच्याच न्हाई." तो पत्रक परत देऊन निघून गेला.

एक म्हातारी थांबली. "मला वाचता येत न्हाई लेकरा, तूच वाच." मी पूर्ण वाचून दाखवलं. तिनं डोक्यावरची पाटी खाली ठेवून ऐकलं.

"मंग आता तुझं बघतं कोण?"

"दवाखाना आहे. दर महिन्याला जातो."

"त्ये न्हाई रं. घरी. जेवला का, टोचून घेतलं का, हे इचारतं कोण?"

बाजार भरत होता, माणसं बाजूनं वाट काढत होती. "घेतो मी बराबर," एवढं म्हणालो आणि पुढच्या माणसासमोर पत्रक धरलं.